समुद्रात सांडलेले तेल आणि खान्देशातला माणूस

तापीकाठ, रावेर

केरळजवळ २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले आणि त्यातले तेल समुद्रात सांडले. त्या बातमीखाली शिरपूरकरांनी लिहिले आहे की, समुद्र अफाट आहे, दोन पावसाळ्यांत तो स्वतःला धुऊन काढतो आणि खान्देशातल्या माणसाने आधी आपल्या नळाला पाणी कधी येते ते पाहावे. हे वाचून मला गप्प बसवले नाही.

तेल नजरेआड झाले म्हणजे संपले, हा समज चुकीचा आहे. त्याचा हलका भाग पहिल्या काही दिवसांत उडून जातो, हे खरे. उरलेले जड तेल मात्र लाटांच्या घुसळणीत पाणी शोषून घेते, त्याचा चिकट, तपकिरी लगदा होतो आणि पुढे त्याचेच डांबरी गोळे होऊन किनाऱ्याला लागतात किंवा वाळूखाली गाडले जातात. वरचा थर खरवडून नेला की किनारा स्वच्छ दिसतो, पण खाली काय उरले ते छायाचित्रात येत नाही. अलास्कात २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डेझ’ या जहाजातून सुमारे ३७,००० टन तेल सांडले. त्यानंतर दीड-दोन दशकांनीही तिथल्या काठावरचे गोटे उकरले की खाली ओले तेल सापडत होते. मग दोन पावसाळ्यांचा हिशेब आपण कशावरून मांडला?

शिरपूरकर

ताई, अलास्काच्या थंड पाण्याचे उदाहरण अरबी समुद्राला लावू नये. उबदार पाण्यात तेल खाणारे जिवाणू अधिक जोमाने काम करतात. शिवाय थंड प्रदेशातलेच उलट उदाहरणही आहे. जानेवारी १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ ‘ब्रेअर’ या जहाजातून सुमारे ८५,००० टन तेल सांडले आणि वादळी लाटांनी ते असे विखुरले की किनाऱ्यावर फारच थोडे लागले. याउलट १९६७ साली ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटले तेव्हा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खडकांवर सफाईसाठी रसायने फवारण्यात आली आणि तेलापेक्षा त्या रसायनांनीच तिथले शंख-शिंपले अधिक मारले. जिथे फवारणी झाली नाही, तिथले जीवन लवकर सावरले. माणसाने हात घातला नाही तर समुद्र सावरतो, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि शिंदखेडा तालुक्यात उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या बायकांची आठवण करून देणे हा गुन्हा असेल, तर तो मी पुन्हा करीन.

मूळ अमळनेर, नोकरी उरण

‘ब्रेअर’चे तेल हलके होते आणि वादळ अनेक दिवस चालले, हे आपण सांगितले नाही. त्यातले बरेच तेल समुद्रतळाच्या गाळात जाऊन बसले आणि काही जातींच्या मासेमारीवर तिथे कित्येक वर्षे बंदी राहिली, हेही सांगितले नाही.

मी ७ ऑगस्ट २०१० नंतरचे उरण पाहिले आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल सांडले. कांदळवनात भरती जिथवर चढते तिथवर प्रत्येक झाडाचे बूड काळे झाले होते. चिखलातून वर आलेली श्वसनमुळे तेलाने लडबडली होती. झाड त्या मुळांवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेते, ती छिद्रे बुजली की झाड उभ्या उभ्या गुदमरते. पाणी उबदार असले तरी त्या चिखलात हवाच नसते, मग आपले जिवाणू तिथे किती वेगाने काम करणार? कोळंबीची आणि माशांची पिल्ले त्याच मुळांच्या आसऱ्याने वाढतात. आमच्या शेजारच्या कोळीणमावशी ताजी मासळी घेऊन बसत आणि गिऱ्हाईक तेलाच्या भीतीने पाटीकडे न बघताच पुढे जाई. त्यांचा तो हंगाम कोणी भरून दिला नाही.

चोपड्याचा शेतकरी

जहाजे सोडा. आपल्याकडच्या गॅरेजमधले जळके ऑइल कुठे जाते, ते कोणी बोलेल का? आमच्या रस्त्यावर एक गॅरेज आहे. तिथले ऑइल वर्षानुवर्षे नाल्यात ओतले जाते आणि पहिल्या पावसात नाला इंद्रधनुष्यासारखा रंगतो. तो नाला तापीला मिळतो आणि तापी समुद्राला. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि तो परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावा लागतो. हा नियम आमच्या गल्लीत अजून पोहोचलेला नाही.

शिरपूरकर

चोपड्याच्या नाल्यातले तेल समुद्रापर्यंत जाते हे मला पटत नाही. वाटेत तापीवरच्या उकाई धरणाचा एवढा मोठा जलाशय आहे. जड तेल गाळाला चिकटते आणि तिथेच बसते.

नवापूर

म्हणजे आमच्या ताटात बसते, असे म्हणा. उकाईच्या फुगवट्यात आमच्या आदिवासी बांधवांची गावे गेली आणि आज त्याच पाण्यात मासे धरून अनेक घरे चालतात. समुद्र वाचला म्हणून आम्ही समाधान मानायचे का? आणि समुद्राशीही आमचा संबंध आहेच. आठवडे बाजारात पसरलेले बोंबील आणि सुकट काही तापीतून येत नाहीत. पावसाळ्यात कित्येक घरांत भाकरीबरोबर तेवढेच असते. “खान्देशचा काय संबंध” असे विचारणाऱ्याने एकदा त्या बाजारात येऊन उभे राहावे.

पारोळा

शिरपूरकर, राग येईल, पण आपण तेल सांडलेली जमीन पाहिलेली दिसत नाही. आमच्या शेताच्या बांधालगत महामार्गावर डिझेलचा टँकर उलटला होता. लोक कॅन घेऊन धावले, उरलेले जमिनीत मुरले. पुढचे काही हंगाम त्या पट्ट्यात कपाशी उगवून पिवळी पडायची आणि विहिरीत पोहरा सोडला की पाण्यावरचा तवंग फाकून पुन्हा मिटायचा. ते पाणी बैलही तोंडाला लावीत नसत. वाहतूक कंपनीने दिलेल्या भरपाईत विहिरीचा गाळ काढणेही झाले नाही.

शिरपूरकर

मी न पाहिलेल्या गोष्टींची यादी करण्याची गरज नाही. विहिरीत लाटा नसतात, म्हणून ती तुलना मी मान्य करत नाही. कांदळवनाच्या चिखलाबाबत उरणच्या भाऊंचे म्हणणे बरोबर आहे, तेवढे मी मागे घेतो. उघड्या, लाटांच्या किनाऱ्याबाबत माझे मत कायम आहे.

तापीकाठ, रावेर

‘टॉरी कॅन्यन’च्या रसायनांचा आपला मुद्दा मलाही मान्य आहे. पण त्यातून निघते ते एवढेच की, कोणत्या किनाऱ्यावर काय फवारायचे हे आधी ठरलेले असावे. हात बांधून बसावे, असे त्यातून निघत नाही. उघड्या किनाऱ्याचे म्हणाल, तर लाटांनी विखुरलेले तेल पाण्यातच राहते. माशांच्या अंड्यांत वाढणाऱ्या पिल्लाचे हृदय बिघडायला त्यातल्या काही घटकांचे अब्जात काही भाग एवढे प्रमाणही पुरते, हे ‘एक्झॉन वाल्डेझ’नंतरच्या अभ्यासातून पुढे आले आहे. ते अंडे मरते तेव्हा किनारा अगदी स्वच्छ असतो. केरळ सरकारने एल्साच्या मालकांकडे उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला आहे, आणि तो लावताना दोन पावसाळे वाट पाहिलेली नाही.

चोपड्याचा शेतकरी

आणि माझ्या नाल्याचे काय? नगरपरिषदेने प्रत्येक गॅरेजला पिंप देऊन महिन्याला ते उचलावे, असा अर्ज मी लिहितो आहे. सही कोण कोण करणार, ते इथेच सांगा. शिरपूरकर, पहिली सही आपली हवी.