मदत हवी आहे: मेंदूतल्या इम्यून सेल्स येतात कुठून?? अर्जंट

बडोदेकर_मुलगी: सोमवारी सेमिनार आहे, स्लाइडवर लिहिलंय मायक्रोग्लिया (म्हणजे याच मेंदूतल्या इम्यून सेल्स) बोन मॅरोतून येतात, पुस्तकात पण तसंच आहे, सरांनी लाल पेनने काट मारली आणि "त्याआधी?" एवढंच लिहून गावाला गेले, फोन उचलत नाहीत. कोणीतरी पटकन सांगा ना

खवय्या_काका: कुठलं पुस्तक? उंदीर की माणूस? बीएस्सी की एमएस्सी?

बडोदेकर_मुलगी: एमएस्सी. पुस्तक सीनियरचं, कव्हर फाटलंय. उंदीर

दांडियाबाजार: मॅरो म्हणजे रक्ताचंच ना? भाच्याच्या डेंगीत प्लेटलेट्स उतरल्या तेव्हा पपईच्या पानांचा रस दिला होता आम्ही

पेशीवाला: अहो तिचा प्रश्न काय, तुम्ही सांगताय काय! ताई, मॅरो तयार व्हायच्या कितीतरी आधी या पेशी मेंदूत पोचतात, म्हणून काट. जिन्हू आणि मंडळींचा २०१०चा सायन्समधला पेपर बघ. उंदराच्या गर्भात सातव्या-साडेसातव्या दिवसाच्या सुमारास योक सॅकमधल्या (गर्भाला जोडलेली पिशवी) पेशींवर खूण केली, उंदीर मोठा झाल्यावर ती मायक्रोग्लियात सापडली. साडेनवव्या दिवशी या मेंदूत हजर, पुढे तिथेच विभागत राहतात, निरोगी मेंदूत मॅरोची कुमक लागत नाही

बडोदेकर_मुलगी: पण इन्फेक्शनच नाही तर इतक्या लवकर जाऊन करतात काय? सर हेच विचारणार

हट्टी_न्यूरो: सिनॅप्सची, म्हणजे न्यूरॉन्समधल्या जोडण्यांची छाटणी!! नको त्या सिनॅप्सवर सी१क्यू, सी३ ही प्रोटीन्स चिकटतात आणि मायक्रोग्लिया ते खातात. शेफरचा २०१२चा पेपर टाक, विषय संपला

पेशीवाला: ते पिल्लू जन्मल्यानंतरचं हो. साडेनवव्या दिवशी सिनॅप्सच नाहीत तर छाटणार काय, कपाळ? गर्भात मेलेल्या पेशी उचलतात, रक्तवाहिन्यांची टोकं जोडायला मदत करतात, नंतर नंतर जादा प्रिकर्सर पेशीही (ज्यांच्यापासून न्यूरॉन्स बनतात त्या) गिळतात

हट्टी_न्यूरो: बरोबर असेल पण सेमिनारला छाटणीच उठून दिसते, माझ्या वेळी एक्स्टर्नल खूश झाले होते

खवय्या_काका: एक्स्टर्नलला फतेगंजला सेव उसळ खायला ने, तेवढ्यानेही खूश होतात

बडोदेकर_मुलगी: 😑 माणसाचं विचारलं तर?

पेशीवाला: गर्भाच्या साडेचार आठवड्यांच्या आसपासच मेंदूत दिसायला लागतात

संस्कारी_काकू: म्हणूनच सांगते, गर्भसंस्कार पहिल्या महिन्यापासूनच सुरू कर गं, केशर-दूध घे

बडोदेकर_मुलगी: काकू सेमिनार आहे, बाळ नाही 🙏 पेशीवाला, तो २०१०चा पेपर घरून लॉगिन नसताना उघडेल का?