मदत हवी आहे: बागेच्या तोंडाशी कातळशिल्पावरून शिल्प, समुद्राकाठी कोणता धातू टिकेल?

रत्नागिरी तालुक्यातलं गाव, समुद्र हाकेच्या अंतरावर. वाचनालयामागच्या पडीक जागेत बाग झाली, आता तिच्या तोंडाशी शिल्प हवं असं सगळ्यांचं म्हणणं. सिमेंटचा बगळा आणि 'आय लव्ह अमुक गाव' ही अक्षरं, असे दोन प्रस्ताव महत्प्रयासाने परतवलेत. त्यामुळे आता काम माझ्याच गळ्यात.

कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेला हत्ती पाहिला असेलच. सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या पोटात कितीतरी दुसरे प्राणी कोरलेले. नक्कल नको, पण पद्धत तीच घ्यायची आहे. चिऱ्याची बुटकी भिंत, तिच्यावर पत्र्यात कापलेला ९ फुटी हत्ती, पोटातल्या प्राण्यांच्या आकारांतून पलीकडची बाग दिसावी.

फॅब्रिकेटर म्हणतो, साधं लोखंड घ्या, दर दिवाळीला ऑइलपेंटचा एक हात मारा. (मारणार कोण?) पुण्याचा भाचा कॉर्टेन स्टील सुचवतोय, फोटोत तो गंजलेला तांबूस रंग सुरेख दिसतो खरा. शिवाय वाऱ्याची धास्ती आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात इथली छपरं उडाली होती.

भट्टीवाला: कॉर्टेन नको. त्याचा गंज घट्ट बसून खालचं पोलाद राखतो, पण त्यासाठी ते ओलं होऊन पुन्हा नीट सुकावं लागतं. खाऱ्या हवेत तो थर जमत नाही, गंज पोखरतच राहतो. पैसे असतील तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, ३०४ नव्हे, आणि बोल्टही ३१६ चेच. तेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावं लागेल, नाहीतर तपकिरी डाग पडतात. स्वस्तात हवं तर लोखंडाला हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवणं) करून वर रंग. मात्र भोकं आणि वेल्डिंग सगळं आधी उरकायचं, नंतर ड्रिल लावलंत की जस्त गेलं. पायाचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. एवढा पत्रा वादळात शिडासारखा वारा धरेल.

जास्वंद: मुळात उभा कशाला? कातळशिल्पं जमिनीवर आडवी असतात. प्रवेशाच्या फरशीतच हत्ती काढा. वाऱ्याचा प्रश्न मिटला, गंजाचाही.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं! पण जांभ्यात रेषा खोदल्या तर पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरेल. सकाळी फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी तिथूनच आत येतात.

जास्वंद: रेषा खोदून मोकळ्या ठेवू नका. त्या खाचांत काळ्या दगडाच्या पट्ट्या जांभ्याच्या पातळीत बसवा. तांबड्यावर काळी रेषा उठून दिसेल. दगड पॉलिश नको, टाकीने (छिन्नीने) खरबरीत केलेला घ्या, आणि फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्या. शेवाळ तरीही येणार, कोकण आहे. पावसाळ्यात खराटा फिरवायला माणूस ठरवूनच ठेवा. आणि हत्तीचा आकार आधी चुन्याने जमिनीवर आखून माडीवरून पाहा, मगच दगड कापायला द्या.