‘आम्हाला नाही झालं कधी डिप्रेशन’, मग रोज पोट का दुखतं?

दांडियाबाजारकरीण:
कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. ‘गुजरात-मध्य प्रदेश सीमेवरच्या दाहोद-झाबुआची माणसं बडोद्याला बांधकामाच्या साइटवर येतात, पोरं आजीकडे राहतात, यात मानसिक आरोग्य कुठून आलं? आमचेही वडील परगावी नोकरीला होते, आम्हाला नाही झालं कधी डिप्रेशन.’ अहो, वडील परगावी होते, पण आई घरी होती ना? महिन्याला मनिऑर्डर यायची. इथे दोघंही जातात. दिवाळी झाली की एसटी आणि जिपा भरून निघतात, होळीला तोंड दाखवतात, पुन्हा जातात ते पेरणीपर्यंत.

मी दाहोदकडच्या एका खेड्यात शिक्षिका होते. चौथीतला एक मुलगा, दिवाळी सरली की त्याचं पोट दुखायला लागायचं. दवाखान्यात नेलं, जंताच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. संध्याकाळी सगळी पोरं टेकाडावर जमायची, कारण रेंज तिथेच. शेजाऱ्याच्या फोनवर आई बोलायची. हा नुसता ‘हा, हा’ करायचा आणि फोन बहिणीच्या कानाला लावायचा. होळीला आई आली तर जवळ जाईना, कुडाला टेकून लांबून बघत बसला. ती निघाली त्या दिवशी पुन्हा पोट. याला काय नाव द्यायचं ते तुम्हीच द्या.

रावपुरा जुना:
ताई, छान रंगवलंत. पण आईबाप गावात राहिले तर खाणार काय? माळावरचा पावसावरचा मका? भुकेपुढे मनाचे चोचले सुचत नाहीत. शिवाय दूर राहूनच माणूस घडतो. आपले महाराज बघा. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा गोपाळ, 1875 ला बाराव्या वर्षी दत्तक आला आणि बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला.

मांजलपूरचा मयूर:
आले महाराज! विषय कुठलाही असो, दुसऱ्या प्रतिसादाला आपण तिथे पोचतोच. काका, त्यांना दत्तक आई जमनाबाई होत्या, शिकवायला इलियटसाहेब होते, धाकटे भाऊ संपतराव बडोद्यातच होते. या पोराला मोतीबिंदू झालेली आजी आहे.

रावपुरा जुना:
महाराजांची टिंगल चालणार नाही. 1906 ला अख्ख्या राज्यात सक्तीचं मोफत शिक्षण, त्याच्या आधीच सोनगढला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह. गायकवाडी टिकली असती तर दाहोदची ही दशा झाली नसती.

लष्करवाला, ग्वाल्हेर:
दाहोद गायकवाडीत होतं कधी? दाहोद ज्यात येतं तो पंचमहाल आमच्या शिंद्यांचा, 1861 ला इंग्रजांकडे गेला. झाबुआ तर वेगळंच संस्थान.

रावपुरा जुना:
वा, म्हणजे दुर्लक्षाचा मान ग्वाल्हेरचा. घ्या, दिला.

लष्करवाला, ग्वाल्हेर:
दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या मुलखाचा हिशेब मला मागता, आणि तुमच्या गल्लीत फ्लॅटचा टॉवर उठतोय तिथल्या झोळीत कुणाचं पोर रडतंय ते माहीत नाही. धन्य आहे.

साइट सुपरवायझर:
संस्थानं वाटून झाली असतील तर बोलू? ‘पोरं सोबत आणा’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. 1996 च्या बांधकाम मजूर कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावी लागायची. मी ज्या साइटवर होतो तिथे हजेरी नवरा-बायको जोडीची, नाव फक्त नवऱ्याचं. बायका कागदावर नाहीतच, मग खोली कशाची? पोरं वाळूच्या ढिगावर, मिक्सरच्या बाजूला. मागे ठेवून येणारी आई निष्काळजी नसते, तिने मिक्सर बघितलेला असतो.

दांडियाबाजारकरीण:
नेमकं हेच. आणि पोरं उगाच घाबरत नाहीत. झाबुआ-अलिराजपूरची माणसं गोध्र्याकडच्या क्वार्ट्झच्या कारखान्यांत गेली आणि सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, घेऊन परतली. 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख द्यायला लावले. त्या घरांतल्या पोरांनी धडधाकट गेलेला बाप खाटेवर धापा टाकताना बघितलाय. काका, हेही चोचलेच का?

रावपुरा जुना:
बरं बाई, कारखान्याचं मान्य. आता गावोगाव मानसोपचारतज्ज्ञ नेमा आणि मोकळे व्हा. नाहीतरी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहेच.

दांडियाबाजारकरीण:
फोन करायला त्याच टेकाडावर चढायचं, भोवती दहा पोरं कान देऊन उभी. काय बोलणार तो? तज्ज्ञ राहू द्या. गावातच हंगामी वसतिगृह, रात्री ओळखीची एक बाई आणि आईच्या फोनची ठरलेली वेळ. मागणं एवढंच आहे.

रावपुरा जुना:
वसतिगृह म्हणालात ना? सोनगढ! मी आधीच सांगितलं होतं.

मांजलपूरचा मयूर:
हो काका, महाराज जिंकले. आता तुमच्या गल्लीतल्या त्या टॉवरवर मुलांची खोली आहे का, तेवढं सकाळी फिरायला जाताना विचारून या.

रावपुरा जुना:
ती साइट बिल्डरची आहे. माझा काय संबंध?

मांजलपूरचा मयूर:
सातव्या मजल्यावरचा फ्लॅट कुणी बुक केलाय?