लग्नाच्या ऑर्डरी, आंबोलीचे बेडूक आणि ‘खरे’ छायाचित्रण

रोलवाला:
‘निसर्ग, वन्यजीव आणि रस्त्यावरचे छायाचित्रण ही कला, लग्न, पासपोर्ट आणि जाहिरात हा पोटाचा धंदा,’ असे सह्यवेडा यांनी काल लिहिले. असल्या वाक्यांकडे मी आजवर दुर्लक्ष करीत आलो, आज ते जमत नाही. वडिलांच्या स्टुडिओतून मी १४ वर्षे लग्नाच्या ऑर्डरी केल्या आहेत. ३६ च्या रोलमधल्या दोन फ्रेम अंतरपाटासाठी राखायच्या, फ्लॅशचा गाइड नंबर (म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा) ३२ असेल तर १०० आयएसओ संवेदनशीलतेच्या फिल्मवर ४ मीटरला लेन्सचे छिद्र एफ ८, हा भागाकार मंगलाष्टकांच्या गोंगाटात मनातल्या मनात करायचा, आणि तेवढ्यात मध्ये येणारे नवरीच्या मामांचे कोपरही चुकवायचे. वाघ उद्या पुन्हा पाणवठ्यावर येईल. ‘सावधान’ एकदाच होते. (हल्ली हार पुन्हा घालायला लावतात, त्यांची वकिली मी करीत नाही.)

सह्यवेडा:
कष्ट तर मांडववालाही करतो. माझा मुद्दा हस्तक्षेपाचा होता. मलबारी उडत्या बेडकाची जोडी पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचे घरटे करते, ते टिपण्यासाठी मी आंबोलीच्या पावसात सात रात्री उभा राहिलो. आपण नवरीला जिन्यावरून चार वेळा उतरवता. हा फरक आपल्याला दिसत नसेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही.

पाणथळ:
आंबोलीचे नाव काढलेत म्हणून लिहितो. तिथेच मी एका प्रतिष्ठित गटाला बेडूक डबीत भरून आणताना, शेवाळलेल्या फांदीवर बसवताना आणि दोन्ही बाजूंनी फ्लॅश मारताना पाहिले आहे. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, आणि यांच्या हातांना डासांचे मलम फासलेले! मी हटकले, तेव्हा ‘आम्ही जागृती करतो’ असे उत्तर मिळाले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव स्पर्धेत २००९ साली कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला मुख्य पारितोषिक मिळाले होते. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असे परीक्षकांचे मत झाल्यामुळे जानेवारी २०१० मध्ये ते काढून घेण्यात आले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, हेही सांगतो. तेव्हा हस्तक्षेपाचे प्रवचन जरा जपून द्यावे.

सह्यवेडा:
मी आजवर एकाही प्राण्याला हात लावलेला नाही, आणि चार उनाडांचे पाप माझ्या माथी मारणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. एकदाच, प्रामाणिकपणे सांगतो, आड येणारे एक पान बाजूला केले होते.

पाणथळ:
तोडलेत की बाजूला केलेत? घरटे पाण्याच्या बरोबर वर असते ते शोभेसाठी नव्हे. पिल्ले फेसातून थेट खाली पाण्यात पडावीत, म्हणून ती जागा असते. पान हातभर सरकले, तर ती चिखलात पडतील.

रोलवाला:
नवरीला निदान नाही म्हणता येते, आणि एकीने मला ते फार स्पष्ट शब्दांत म्हटलेही होते.

ओटीवरची:
बेडकांत पासपोर्ट राहून गेला. माझ्या आजोबांनी जन्मात स्टुडिओची पायरी चढली नाही. बाराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून काकांच्या लग्नातल्या गर्दीतून त्यांचा चेहरा कापून मोठा करावा लागला. त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला आहे. तो कुणाचा, यावर आमच्याकडे अजून भांडण होते. कुणी त्यांना पांढऱ्या पडद्यासमोर दोन मिनिटे बसवले असते, तर त्या धंदेवाल्याला मी कलावंतच म्हटले असते.

सह्यवेडा:
पासपोर्टपुरते वाक्य मागे घेतो. लग्न आणि जाहिरात यांविषयी मत कायम आहे. रोलवाला यांनी उगाच हुरळून जाऊ नये. राहिले पान. ते तोडले नव्हते, दोऱ्याने बांधले होते आणि नंतर सोडले.

पाणथळ:
नंतर म्हणजे किती वेळाने?