ब्रिटन गेलं, पण युरोपीय संघ खरंच सावरलाय का?

कोथरूडकर:
ब्रेक्झिट म्हणजे युरोपीय संघाच्या फुटीची सुरुवात, असं आपल्याकडे अजूनही सर्रास म्हटलं जातं. मला ते साफ अमान्य आहे. २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी बाहेर पडायचा कौल दिला, तेव्हा 'आता रांगच लागणार' अशी भाकितं झाली. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन गेलं. त्याच्यामागून आजवर कोण गेलं? कोणीही नाही.

युरोपीय संसदेतल्या ब्रिटनच्या ७३ जागांपैकी २७ जागा १४ देशांना वाटल्या आणि सभागृह ७५१ वरून ७०५ वर आणलं. औषध नियामक संस्था लंडनहून ॲमस्टरडॅमला गेली, बँकिंगची पॅरिसला. मतं समसमान पडली म्हणून दोन्हींचा निकाल चक्क चिठ्ठी काढून लावला, आणि हरलेल्या मिलान (इटली) आणि डब्लिनसाठी (आयर्लंडची राजधानी) कोणी संघ सोडला नाही. जुलै २०२० मध्ये तर २७ देशांनी मिळून ७५० अब्ज युरोंचं कर्ज उभारायचं ठरवलं. एकमत लागणाऱ्या त्या निर्णयाला लंडनने होकार दिला असता, असं मला वाटत नाही.

पेठेतला_वाचक:
खुर्च्या वाटल्या म्हणजे घर सावरलं असं होत नाही, काका. ब्रिटन घेत होतं त्याहून जास्त देत होतं. ते गेल्यावर नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क अडून बसले आणि वर्गणीतली सूट वाढवून घेऊनच उठले. ज्या सवलतीवरून १९८४ पासून ब्रिटनला बोल लावला, तीच पद्धत पुढे चालू!

माझा खरा आक्षेप संघाच्या मंत्रिपरिषदेतल्या मतदानाबद्दल आहे. बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते. निर्णय अडवायचा तर किमान चार देश आणि ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या हवी. लोकसंख्येतला ब्रिटनचा मोठा वाटा निघून गेल्यावर जर्मनी-फ्रान्सचं वजन आपोआप वाढलं. युरो न वापरणाऱ्या लहान देशांचा सगळ्यात मोठा आधार गेला. त्यांच्यासाठी नियम बदलला का? नाही.

चाकण_एमआयडीसी:
मी सुटे भाग निर्यात करतो, त्यामुळे कागदांपुरतं बोलतो. पूर्वी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात कंटेनर सोडवला की त्यातलाच माल ट्रकने ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्रीला जायचा, मध्ये कस्टम्स नाही. आता त्याच ट्रकला नेदरलँड्समध्ये निर्यातीचं आणि ब्रिटनमध्ये आयातीचं डिक्लेरेशन लागतं, ईओआरआय (कस्टम्सचा नोंदणी) क्रमांकही दोन्हीकडचे वेगळे. आम्ही ब्रिटनचा माल आता वेगळा पॅक करून थेट ब्रिटनच्या फेलिक्स्टो बंदरात पाठवतो. माल युरोपीय मानकांत बसतो हे दाखवणाऱ्या सीई चिन्हाऐवजी ब्रिटनने स्वतःचं चिन्ह आणलं, आणि २०२३ मध्ये बऱ्याच मालासाठी सीई बेमुदत चालेल असं जाहीर केलं. जुळवून कोणाला घ्यावं लागलं, ते यातच आलं.

हडपसरची_मीरा:
आणि आयर्लंड? फुरसुंगी-उरुळी देवाची पुणे महापालिकेतून वगळून वेगळी नगरपरिषद केली, म्हणून कचरा डेपो काही तिथून हलला नाही. तसंच तिथे झालं. आयर्लंड संघात, त्याच बेटावरचं उत्तर आयर्लंड मात्र ब्रिटनचं; १९९८ च्या शांतता करारामुळे दोघांमध्ये पुन्हा नाकी उभारता येईनात, म्हणून उत्तर आयर्लंड मालापुरतं संघाच्या नियमांत राहिलं आणि तपासणी ब्रिटनहून तिथे जाणाऱ्या समुद्री वाहतुकीवर आली. २०२३ मध्ये ब्रिटन आणि संघाला विंडसर आराखडा नावाचा करार करून त्यातही दुरुस्ती करावी लागली. याला सावरणं म्हणायचं?

कोथरूडकर:
मीराताई, आयर्लंड हा तर माझाच मुद्दा! अर्ध्या कोटीच्या देशासाठी बाकीचे २६ शेवटपर्यंत हटले नाहीत. ब्रिटनने एकेका राजधानीशी वेगळं बोलायचा प्रयत्न केला, पण वाटाघाटी संघाचे मुख्य वाटाघाटीकार मिशेल बार्निये यांच्यामार्फतच झाल्या. लहान देशाला संघात राहून काय मिळतं, ते डब्लिनला विचारा.

पेठेतला_वाचक:
बाहेर जाणाऱ्यासमोर एकी दाखवणं सोपं असतं. आतलं बघा. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत एकट्या हंगेरीने रोखली. ती सुटायला फेब्रुवारी उजाडला. म्हणजे लंडनचा नकार गेला, बुडापेस्टचा आला. संघ घट्ट झाला असं म्हणत असाल, तर परराष्ट्र धोरणातली आणि करांमधली एकमताची अट काढायला तुम्ही तयार आहात का, ते स्पष्ट सांगा. मी नाही. लहान देशांच्या हातात तेवढंच उरलंय.