फार्मव्हिलचा संप आपल्या मुलांना शिकवायचा की नाही?

माळरान (रिचमंड)

आमच्या मराठी शाळेच्या पालकसभेत मी सुचवलं, की दर एप्रिलमध्ये मोठ्या मुलांना व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल गावच्या मोटन म्युझियमला न्यावं आणि त्याआधीचा एक रविवार तिथल्या १९५१ च्या विद्यार्थी-संपाच्या इतिहासाला द्यावा. विषय पाच मिनिटांत गुंडाळला गेला. म्हणून इथे मांडतो.

फार्मव्हिल आपल्यापासून गाडीने सव्वा-दीड तासावर. तिथली मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा १९३९ साली १८० मुलांसाठी बांधली. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं कोंबलेली होती. जादा वर्ग भरायचे डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत. शेगडीजवळचा मुलगा घामाघूम, कोपऱ्यातला कोट घालून कुडकुडतोय, पाऊस आला की वर्गात छत्र्या. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने खोटा निरोप धाडून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढलं, सगळ्यांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. मागणी होती चांगल्या इमारतीची. वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी सांगितलं, कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळाच नकोत असं म्हणणार असाल तर खटला लढू. पालकांनी हिंमत केली. शाळांतली वंशावरून केलेली वाटणी बेकायदा ठरवणाऱ्या, सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या 'ब्राउन' निकालात जे पाच खटले एकत्र झाले त्यांतला हा एक, आणि विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला एकमेव.

पुढचं मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र बसवावी लागू नयेत म्हणून १९५९ साली, फार्मव्हिल ज्यात येतं त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, सरकारी शाळांचा पैसाच तोडला. पाच वर्षं सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकॅडमी निघाली. बाकीच्यांपैकी कुणाला परगावी नातेवाइकांकडे धाडलं, कुणी शेतावर राबायला लागलं, कित्येक जण पुन्हा वर्गात आलेच नाहीत. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कुलूप काढायला लावलं. जिथे आपण घर घेतलं त्याच राज्यातली ही गोष्ट आहे.

पैलतीर

माझा विरोध आहे, आणि तो इतिहासाला नाही. मराठी शाळेला आठवड्यातून दोन तास मिळतात. त्यात मुलांना जोडाक्षरं येत नाहीत, आजीशी फोनवर दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. नागरी हक्क चळवळीतले मार्टिन ल्यूथर किंग आणि रोझा पार्क्स त्यांना शाळेत शिकवतातच. जे काम दुसरं कुणी करणार नाही तेवढंच आपण करावं. शिवाय हा लढा ज्यांचा, त्यांनी तो सांगावा. आपण त्यात कुठे होतो?

माळरान

आपण त्यात नव्हतो, पण त्याचं फळ खातो आहोत. मतदान हक्काचा कायदा ऑगस्ट १९६५ चा आणि ज्या इमिग्रेशन कायद्याने आपल्यासारख्यांना दार उघडलं तो ऑक्टोबर १९६५ चा. त्या चळवळीने हवा बदलली नसती तर हा दुसरा कायदा झाला नसता, असं माझं ठाम मत आहे. आणि किंग-पार्क्स एवढंच शिकवलं की मुलांना वाटतं, हे सगळं दूर कुठेतरी अलाबामात घडलं. इथे निर्णय घेणारे लोक काउंटी बोर्डाचे सभासद होते. शाळेचं बजेट ठरवायला आजही तसंच बोर्ड बसतं. मुलांना हेच दिसायला हवं.

सह्याद्री_७१ (नॉर्दर्न व्हर्जिनिया)

मला भीती वेगळी आहे. फार्मव्हिल लहान गाव. ज्यांनी पैसा तोडला त्यांची नातवंडं तिथेच राहतात. त्या पोरांनी काय केलंय? २०२२ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने पहिल्याच आदेशात शाळांतून 'फूट पाडणाऱ्या संकल्पना' काढायला सांगितल्या. तेव्हा मी त्या आदेशाच्या बाजूचा होतो, आजही आहे. अकरा वर्षांच्या मुलाला आजोबांच्या पापाचं ओझं कशाला? जखमेवर खपली धरू द्या.

गवतीचहा

सह्याद्री, खपली कुणाच्या जखमेवर? ज्यांची पाच वर्षं गेली ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत, हयात आहेत. २००४ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तोवर त्यांची चाळिशी-पन्नाशी उलटून गेली होती. नातवंडांना कुणी आरोपी करत नाही, पण आजोबांनी कशावर सही केली हे त्यांना कळायला नको?

माळरान यांनाही माझा एक आक्षेप आहे. तुम्ही संपावर तीन ओळी जास्त लिहिता, कुलुपावर कमी. धाडसी मुलगी, हुशार वकील, कोर्टात विजय, ही गोष्ट सांगायला सोपी. त्या संपाची किंमत कुणी मोजली? मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. बार्बराला जिवाच्या भीतीने अलाबामातल्या माँटगमेरीला काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवावं लागलं. दाखवायचंच असेल तर हे दाखवा, नाहीतर जाऊ नका.

नदीकाठ (महाड)

दुरून वाचतोय, पण 'आपण त्यात कुठे होतो?' हे वाक्य मला खटकलं. बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कला शिकले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली, आणि डु बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तिने नावासकट प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतली हे सगळ्यांना माहीत आहे. धागा जुना आहे, आपण तो हातात घेत नाही एवढंच.

माझा प्रश्न दोन्ही बाजूंना आहे. तुमच्या मराठी शाळेत २० मार्च १९२७ चं चवदार तळं शिकवतात का? सत्याग्रहानंतर लोकांना मारहाण झाली, तळं गोमूत्राने 'शुद्ध' केलं गेलं, हे मुलांना कुणी सांगतं का? मोटन ऐकायला बरं वाटतं, कारण तिथला गुन्हेगार आपला कुणी नसतो.

पैलतीर

नदीकाठ, हे लागलं. आमच्याकडे शिवजयंती होते, गणपती होतो, महाड नाही. तो तास मी मान्य करतो, तो मराठीत आहे आणि आपला आहे. फार्मव्हिल मात्र ऐच्छिक ठेवा. शनिवारी न्या, माझी सात सीटची गाडी घ्या.

माळरान

ऐच्छिक ठेवलं तर ज्या घरांत हे आधीच बोललं जातं तीच मुलं येतील. ज्यांना न्यायचंय ती घरी राहतील. गवतीचहांचा मुद्दा मान्य, कार्यक्रमात कुलुपाची पाच वर्षं आधी येतील. मार्चमध्ये महाड आणि एप्रिलमध्ये मोटन, दोन्ही शाळेच्या वेळापत्रकात, असा सुधारित प्रस्ताव पुढच्या सभेत ठेवतो.

सह्याद्री_७१

ठेवा. मी विरोधात मत देईन, पण सभेत येऊन कारण सांगून देईन.