धंद्यातल्या प्रत्येक बाईला रोजची प्रेप गोळी द्यावी का?

कृष्णाकाठ:
कोलकात्याच्या सोनागाछी वस्तीत आणि म्हैसूरच्या आशोदय समितीत (धंद्यातल्या बायकांची संघटना) मिळून हजाराहून जास्त बायकांनी एचआयव्ही टाळण्यासाठी रोज प्रेपची गोळी घेऊन पाहिली. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन, दोन औषधं एका गोळीत. त्या काळात एकीलाही लागण झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 2015 पासून आहे. मग सांगली, बुधवार पेठ, कामाठीपुरा इथे प्रत्येकीला ती फुकट का देऊ नये? कंडोम गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, गोळी बाईच्या हातात.

पेठेतली_ताई:
दादा, तुमची तळमळ कळते, तरी माझा विरोध आहे. अकरा वर्षं पिअर म्हणून, म्हणजे आमच्यातलीच आरोग्य कार्यकर्ती म्हणून, कंडोम वाटतेय. आधी एकटी बाई "निरोधशिवाय नाही" म्हणाली की गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जायचं. अख्ख्या माळ्याने एकच उत्तर द्यायचं ठरवलं, तेव्हा कुठे ते सरळ झाले. आता म्हणतील, "गोळी घेतेस ना, मग हे कशाला?" गोळीने गरमी-परमा असले गुप्तरोग थांबत नाहीत, दिवसही राहतात. शिवाय टेनोफोव्हिर एआरटीतही, म्हणजे एचआयव्ही झालेल्यांच्या औषधातही असतं, डबी बघून लोक तेच समजणार. आमच्याकडे एकीच्या उशाशी नुसत्या लोहाच्या गोळ्या सापडल्या, तर घरवालीने (कोठ्याच्या मालकिणीने) चार दिवस तिचा पेला वेगळा ठेवला होता.

सिस्टर_मिरज:
ताई, गिऱ्हाइकांचं पटलं. पण मालकाचं काय? (मालक म्हणजे कायमचा जोडीदार.) गिऱ्हाइकाला कंडोमशिवाय हात लावू न देणारी बाई मालकाबरोबर तो वापरत नाही. मुलं त्याला बाबा म्हणतात, त्याच्यापुढे पाकीट ठेवलं तर तोही गिऱ्हाईकच झाला. एकजण पदराचं टोक बोटाला गुंडाळत मला म्हणाली, "सिस्टर, तिथं प्रेम आहे हो, तिथं निरोध कसा काढू?" तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मला गोळी अशीसाठी हवी आहे. आणि डबी लपवायची भानगड नको असेल तर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाव्हिर इंजेक्शन आलंय. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या एकाही मुलीला लागण झाली नाही.

वाटसरू:
एवढा खर्च कशाला? धंदाच बंद करा, पुनर्वसन करा.

पेठेतली_ताई:
धाड पडली की बाई घरी जात नाही, हायवेच्या लॉजवर जाते. तिथे ना पिअर, ना कंडोम. पर्समधला कंडोम पोलिसांना पुरावा वाटायचा, म्हणून बायका तो फेकून द्यायच्या. तो पुरावा धरू नका, हे सर्वोच्च न्यायालयाला मे 2022 मध्ये सांगावं लागलं.
सिस्टर, मालकासाठी कुणाला हवी असेल तर माझी ना नाही. "प्रत्येकीला" हा शब्द मात्र काढा. आकडा गाठायचा म्हणून बायकांना रांगेत उभं केलेलं मी पाहिलंय.

कृष्णाकाठ:
काढला. "मागेल तिला" म्हणतो. पण मागायला तिला आधी माहिती हवी, ती तरी सगळ्यांना द्याल ना?

पेठेतली_ताई:
देईन. पण गोळीआधी एचआयव्हीची आणि किडनीची तपासणी, पुढे ठरावीक महिन्यांनी पुन्हा तपासणी. ओपीडी सकाळी दहाची आणि आमच्या बायका पहाटे चारला झोपतात. संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवा, मी स्वतः त्यांना घेऊन येते.